सुरकुत्याच पायजेत

लेकीचं, ऋतुजाचं, लग्न झालं त्या वर्षी, दोन हजार बावीस साली, मंगळवेढ्याकडच्या बिरुदेवानं चार मेंढ्या विकून सोलापुरातून भारी कॅमेऱ्याचा मोबाइल आणला. कारण दुकानावरचा फलक. त्यावर एक म्हातारा हसत होता आणि त्याची एकेक सुरकुती नांगरटीच्या तासासारखी उठून दिसत होती. बिरुदेवाच्या आज्या-पणज्याचा एकही फोटो घरात नव्हता. बापाचा तरी राहावा, एवढीच त्याची इच्छा.

बाप ज्ञानबा मात्र फोटो म्हटलं की काठी उचलायचा. भिंतीवर टांगतात ते मेलेल्याला, हे त्याचं ठाम मत. पण नातीच्या लग्नात मिशीला कलप लावून, नवा पटका बांधून म्हातारा खुशीत बसला आणि बिरुदेवानं डाव साधला.

फोटो पाहून आई राजाबाई म्हणाली, "ह्यो तर तूच की रं."

बिरुदेव तडक दुकानात गेला. दुकानदार कमलाकर कौतुकानं म्हणाला, "सुरकुत्या आपोआप जातात यात. लोक त्यासाठीच घेतात, मामा."

"मला सुरकुत्याच पायजेत. फलकावरच्या म्हाताऱ्याच्या कशा ऱ्हाईल्या मग?"

कमलाकरनं आवाज उतरवून सांगितलं, की तो फोटो या मोबाइलनं काढलेलाच नाही. मग त्यानं एक बटण बंद करून दिलं. आता सगळं खरं दिसेल म्हणाला.

पण ज्ञानबा पुन्हा बसायला तयार होईना. सगळ्या बाजाराला तोच फोटो दाखवत हिंडला. "माझा ह्योच लावा," म्हणाला. "लई ब्येस दिसतुय."

म्हातारा गेल्यावर तोच लावला, हार घालून. पाहुण्यांना निरोप नेहमीच्या रीतीनं गेला: वाईट झालंय, येऊन जावा. कोण गेलं ते फोनवर सांगत नाहीत. वळसंगचे मल्लप्पामामा आले, भिंतीकडं बघितलं आणि राजाबाईपुढं बसून ढसाढसा रडले, "म्हाताऱ्याच्या आदी पोरगं गेलं की गं, आक्का."

तेवढ्यात बिरुदेव पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. मामा जे उठले ते उंबऱ्याला अडखळून थेट अंगणात.

सुतकात पहिल्यांदाच राजाबाईला हसू फुटलं. बिरुदेव फोटो उतरवायला गेला, तर तिनं हात धरला.

"ऱ्हाऊ दे. खाली लिवून घे."

पेंटरनं फोटोखाली ठळक लिहिलं: ज्ञानबा वारले, अक्षय्य तृतीया, २०२४. बिरुदेव जिवंत आहे.