आत्याच्या हौदावरची गुरं

आमच्या सुमनआत्याकडं गेलं की हातसुद्धा तिला विचारून धुवावे लागतात. शेंद्रा गावाच्या पुढं तिचा गुरांचा गोठा आहे. पाहुणा आला की ती त्याच्या हाती तांब्या देते आणि थेट चाऱ्याच्या वाफ्यात नेऊन उभा करते. लग्नानंतर मी नवऱ्याला घेऊन गेले, तर नव्या कपड्यातला जावई गवतात उभा राहून चूळ भरतोय आणि आत्या सांगतेय, "जरा लांब फेका जावईबापू, मागच्या रांगंला मिळत नाय!"

शहरात, औरंगपुऱ्यात आमच्या घरी आली की बेसिनकडं बोट करून विचारते, "हे पाणी कुठं जातं?"

"गटारात."

"अन् गटारावर कोणती गाय जगती?"

आत्याचे यजमान वारल्यावर गोठा विकायचा सल्ला तिला सगळ्यांनी दिला. तिनं उलट माळावर चर खणले, तिथली चराई बंद केली, उताराला शेततळं केलं. गोठ्याच्या पत्र्यावरचा पाऊसही पन्हळीनं हौदात. "पाणी लई पळपुटं. त्याला बसायला लावावं लागतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

बांधापलीकडं तिचा धाकटा दीर, रंगनाथकाका. त्याचाही गोठा. त्यानं आत्याचं न ऐकता बोअर मारला आणि आत्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे तोंडावर टाकलं. निरोप त्याच्या कपिला गाईमार्फत चालू होते. "कपिले, मालकाला सांग, पाइप फुटलाय."

गेल्या उन्हाळ्यात काकाचा बोअर नुसती हवा ओकायला लागला. मी तिथंच होते. गुरं बाजारात न्यायला त्यानं टेम्पो बोलावला होता. कपिला काही केल्या चढेना. आत्या तरातरा बांधापाशी गेली.

"कपिले, मालकाला म्हणावं टेम्पो परत धाड. माझा हौद भरलेला हाय."

काका मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, एवढ्या गुरांना तुमचं पाणी पुरायचं नाय."

आत्या आता सरळ त्याच्याशीच बोलली. "ते मी बघते. पण थेंब सांडला तर याद राखा भावजी!"

उन्हाळाभर काकाची गुरं सकाळ-संध्याकाळ तिच्या हौदावर आली. आत्या काकावर डाफरायची, मग त्यालाच चहा द्यायची. तळ्याचा तळ दिसायला लागला, पण एकही जनावर विकावं लागलं नाही. पुढं पाऊस झाला, बोअरला पाणी आलं. काका पेढे घेऊन आला. "वहिनी, उद्यापासून तुम्हाला तरास नाय."

"बरं झालं. हौद तरी स्वच्छ राहील," आत्या म्हणाली.

काही दिवसांनी मी गेले. संध्याकाळी तिनं चहा टाकला. आम्ही दोघीच, पण कप तीन भरले. तिसऱ्याकडं थोडा वेळ बघत बसली, मग उठून बांधावर गेली.

"ओ भावजी! तुमच्या गुरांना बोअरचं पाणी सोसंना म्हणं?"

"कोण म्हणलं? मस्त पितेत की."

"काय मस्त? कपिला बघा किती वाळलीय. सांजच्या पाण्याला इकडंच आणत जा."

काकानं गलेलठ्ठ कपिलेकडं पाहिलं. मग आत्याकडं पाहिलं.

"व्हय वहिनी," तो दावं सोडत म्हणाला, "वाळलीय खरी."