पाच तारा गप्प

भोईरांनी गिटार घेतली त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्यांनी ती वाजवण्यापेक्षा न वाजवण्याचाच सराव जास्त केला. हे मी अंदाजाने लिहीत नाही. भिसेगावात आमचं घर तळमजल्यावर, भोईरांचं बरोबर डोक्यावर. एका रविवारी मी घड्याळ लावून मोजलं. पावणेदोन तासांत एकाच गाण्याची एकोणीस वेळा सुरुवात, शेवट शून्य.

मधेच थांबण्याचं कारण कायम एकच. एक तार छेडली की शेजारची उगाच गुणगुणते, बोट सरकलं की चर्र होतं. याला भोईर 'किरकिर' म्हणतात.

"वाजनारी तार कोनपन वाजवल, दादा. नको ती गप बसवायची, त्यात खरं काम हाय."

मग उजव्या तळव्याची कड जाड तारांवर दाबायची, डाव्या हाताच्या बोटाचं टोक शेजारणीला टेकवायचं. सहा तारांचं वाद्य घ्यायचं आणि पाचांची तोंडं बंद करायची! मी स्पष्टच विचारलं, "मग एकतारीच का नाही घेतली?"

ते हसले नाहीत. विचारात पडले.

हातांनी भागेना तेव्हा सामान आलं. कर्जतच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे फोम आणि चिकटपट्टी घरचीच. गिटारच्या मानेला वहिनींचा केसांचा रबर. वहिनी जिन्यात भेटल्या की ऐकवतात, "घरातले सगळे रबर त्या सवतीच्या गळ्यात. मी काय केसांना सुतळी बांधू?" दुकानात गिऱ्हाईक खिळे मागतं आणि भोईर काउंटरवर बोटं दाबत स्क्रू देतात. मला स्वतःला दोनदा दिलेत.

हा सगळा आटापिटा माझ्या आईसाठी. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, माहेर पोशीरचं. भात लावताना म्हणायचं एक गाणं तिनेच भोईरांना शिकवलं. त्यांनी ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा म्हणाली, "गानं बरं हाय रं, पन मदी ही किरकिर कसली?"

झालं. "ती काढतो आई, मग पुरं ऐकवतो," असा शब्द देऊन हा माणूस वर गेला तो गेलाच.

वर किरकिर निघेना आणि खाली आईचे कान जाऊ लागले. आधी डावा, मग उजवा. मी बजावलं, "भोईर, तुमचं काम होईपर्यंत ऐकणारं शिल्लक राहायला हवं."

"येवढा पावसाळा जाऊ द्या, दादा."

तीन पावसाळे गेले.

परवा दुपारी ते गिटार घेऊन खाली आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. आईसमोर बसले आणि गाणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. एकही तार आगाऊपणे बोलली नाही. मला ते मान्य करावं लागेल.

आई त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होती. बोटं थांबली तशी ती मान हलवून म्हणाली, "गेली रं किरकिर. बेस झालं."

भोईरांचं तोंड उजळलं. चुकीची गोष्ट चुकीची आहे असं तिथल्या तिथे सांगायची मला सवय आहे. मी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्यांची नजर आईच्या पानाच्या डब्यावर गेली. डबा उघडा होता. आत सुपारीशेजारी कानाचं मशीन पडलेलं. त्यात नुसता पंखा ऐकू येतो म्हणून आई ते महिनाभरापासून लावत नाही.

भोईरांनी गिटारच्या मानेचा रबर ओढून काढला. फोम उपटला. आईचा हात धरून तिचा तळवा गिटारच्या पोटावर ठेवला आणि सहाही तारा एकदम छेडल्या. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला.

आई दचकली. तळवा मात्र उचलला नाही. त्याच गाण्याच्या लयीत भोईर तारा मोकळ्या सोडून हात मारत राहिले आणि आईची बोटं लाकडावर ठेका धरू लागली.

"आता वाजतंय रं, भोईरा," ती म्हणाली.

समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडलं, "काय कटकट लावलीय भरदुपारी!"

मी उठून खिडकी लावून घेतली.