कप्तान वर आला का?

जगात खरोखर फुकट मिळणारी करमणूक एकच, ती म्हणजे दुसऱ्याचं संकट. आणि तीही बहुधा उन्हात उभं राहूनच बघावी लागते.

लास व्हेगसच्या मोठ्या रस्त्यावरच्या ‘रॉयल पेलिकन’ या जुगारखान्याने या बाबतीत मानवजातीची निम्मी सोय केली होती. संकट त्यांनी रोज चार वेळा, ठरल्या वेळी, कोणाकडूनही काही न घेता उपलब्ध करून दिलं होतं. उन्हाचं मात्र त्यांनी काही केलं नाही. (फुटपाथवर सावली केली, तर माणूस आत कशाला येईल?)

हॉटेलासमोर अडीच मीटर खोल तळं होतं. तळ्यात दोन जहाजं. डावीकडचं चाच्यांचं, उजवीकडचं ब्रिटिश नौदलाचं. अठरा मिनिटं तोफा धडाडायच्या, दोरांना लोंबकळून माणसं इकडून तिकडे जायची, एक डोळा झाकलेला इसम फार मोठ्याने हसायचा, आणि अठराव्या मिनिटाला नौदल हरायचं. सतरा वर्षांत नौदल एकदाही जिंकलं नव्हतं. इंग्लंडहून आलेल्या एका निवृत्त गृहस्थाने याबद्दल लेखी तक्रार केली होती. त्याला बुफेचं एक कूपन देण्यात आलं आणि इतिहासाचा प्रश्न तिथे मिटला.

मग नौदलाचं जहाज बुडायचं. सगळे उड्या मारून पळायचे, कप्तान मात्र डेकवर ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकायचा. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागायचं, आणि शेवटी पाण्यावर डोलकाठीचं टोक आणि त्याची तरंगणारी टोपी एवढंच उरायचं.

हा कप्तान म्हणजे वेन्डेल प्रोकॉप, वय छप्पन्न. वाऱ्यामुळे रद्द झालेले प्रयोग सोडून तो आजवर १५,६४२ वेळा बुडाला होता. नौदलाशी त्याचा दुसरा कसलाही संबंध नव्हता. पूर्वी तो ओहायोतल्या एका करमणूक-उद्यानात उंच मनोऱ्यावरून पाण्यात उड्या मारायचा. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा तो उड्या सोडून बुडण्याकडे वळला.

“बुडण्यात काय आहे?” तो म्हणायचा. “या इमारतीत आत बघा, तासाला शेकड्याने बुडतात, तेही बसल्या जागी. खरं काम वर येण्यात आहे.”

वर येण्यातच त्याचा सगळा जीव होता. जहाज बुडालं, की पाण्याखाली तो डोकं एका लोखंडी पेटीत घालायचा. पेटीत नळीने हवा यायची. बरोबर चार मिनिटं दहा सेकंदांनी खालची यंत्रणा जहाज उचलायची, आणि डगल्यातून पाण्याच्या धारा लागलेला कप्तान त्याच सॅल्यूटमध्ये जसाच्या तसा वर यायचा आणि नऊ सेकंद तसाच उभा राहायचा. मुलं किंचाळायची. बायका नवऱ्यांचे दंड घट्ट धरायच्या. त्या नऊ सेकंदांसाठी वेन्डेल उरलेला दिवस सहन करायचा.

पाण्याखाली तो एकटा नसायचा. बुडणाऱ्या माणसामागे एक पाणबुड्या असलाच पाहिजे, असा नियम आहे. ते काम मारिसेल ओकाम्पो नावाची बाई करायची. पाठीवर हवेची टाकी घेऊन ती भुयाराच्या तोंडाशी बसलेली असायची. हे बावीस मीटरचं भुयार तळ्याखालून मागच्या खड्ड्यात निघायचं. पाणबुड्याने प्रेक्षकांच्या दृष्टीस कधीही पडू नये, असाही एक नियम होता (क्रमांक अकरा), कारण बुडणाऱ्याला वाचवायला कोणी आहे असं दिसलं, तर संकटाची प्रतिष्ठा जाते. काही बिघडलं तर वेन्डेलने तलवारीच्या मुठीने तीनदा ठोकायचं, असं दोघांचं ठरलं होतं. सतरा वर्षांत ठोकण्याचे प्रसंग: शून्य.

अशा सुरळीत चाललेल्या संकटात ब्रायोनी हॅलस्टेड आली.

ब्रायोनी सव्वीस वर्षांची होती. घट्ट द्रव नळीतून कसे वाहतात, यावर तिने प्रबंध लिहिला होता, आणि त्या जोरावर तिला हॉटेलाच्या पाहुणे-प्रवाह विभागात नोकरी मिळाली होती. तिच्या मते जमाव हा मधापेक्षा पातळ आणि केचपपेक्षा घट्ट असा द्रव आहे. (केचपप्रमाणेच तो हलवल्याशिवाय हलत नाही.) ती फुटपाथवर छत्रीखाली बसायची, हातात मोजणीचं यंत्र घेऊन, आणि प्रयोग संपल्यावर दहा मिनिटांत किती टक्के लोक हॉटेलाच्या दारात वळतात ते टिपायची. याला तिने ‘वळणदर’ असं नाव दिलं.

साधारण दिवशी वळणदर २२.४ होता. बाकीचे लोक टाळ्या वाजवून पुढच्या हॉटेलाची फुकट कारंजी बघायला चालू पडायचे. पारा त्रेचाळीसच्या वर गेला की २८. वाऱ्यामुळे प्रयोग रद्द झाला तर ३१, म्हणजे काहीच न दाखवणं हे दाखवण्यापेक्षा फायद्याचं ठरत होतं. पण ही सूचना वरच्यांना पटली नाही, कारण मग जहाजांचं करायचं काय, हा प्रश्न उरत होता.

आणि मग मार्चमधला तो मंगळवार. जहाज उचलणारी यंत्रणा अडकली. वेन्डेल अकरा मिनिटं खाली होता, लोखंडी पेटीत डोकं घालून, मनातल्या मनात अमेरिकेच्या राज्यांच्या राजधान्या म्हणत. वर जमाव टोपीकडे बघत उभा. चौथ्या मिनिटाला कोणीतरी विचारलं, “तो माणूस वर आला का?” सहाव्या मिनिटाला सगळेच विचारायला लागले. आठव्या मिनिटाला उन्हाने डोकी तापली आणि लोक विचारपूस करायला आत गेले. आत गारवा होता. चौकशीची खिडकी सगळ्यात मागे, बुफेच्या पलीकडे होती, आणि तिथवर जायच्या वाटेवर सहाशे बारा जुगाराची यंत्रं होती.

त्या दिवशीचा वळणदर ६१.३.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. ‘पाहुण्यांच्या मनात निर्माण होणारी माणुसकीची भावना ही संस्थेची मौल्यवान ठेव असून, कप्तान लगेच वर आल्याने तिचा अकाली नाश होतो, असे निदर्शनास आले आहे. सबब, तीस दिवसांच्या चाचणीकरिता कप्तानाने बारा मिनिटे खालीच थांबावे. बाराव्या मिनिटास फुटपाथवर किमान पन्नास व्यक्ती असल्यासच जहाज उचलण्यात येईल. अन्यथा कप्तानाने भुयारातून मागे निघून जावे व कपडे बदलावेत. तीस दिवसांत एकदाही पन्नास व्यक्ती न आढळल्यास वर येण्याची बाब कायमची वगळण्यात येईल.’

वेन्डेल ते परिपत्रक घेऊन ब्रायोनीच्या छत्रीखाली आला. अंगावरून पाणी टपकत होतं.

“पोरी, हे तू लिहिलंस?”

“आकडे माझे आहेत. भाषा वरच्यांची.”

“म्हणजे मी बुडायचं, आणि मग?”

“मग लोक काळजी करतील.”

“आणि मी?”

“तुम्ही कपडे बदला,” ब्रायोनी म्हणाली, आणि मग थोडी वरमून पुढे म्हणाली, “वेन्डेल, यात वैयक्तिक काही नाही. तुम्ही वर आलात की त्यांच्या मनातला प्रश्न सरासरी अकरा सेकंदांत मिटतो. मी मोजलंय. मिटलेल्या प्रश्नाला घेऊन कोणी आत येत नाही.”

“सतरा वर्षं मी वर आलोय. एकदाही खालच्या खाली राहिलो नाही.”

“तेच तर,” ती म्हणाली. “म्हणूनच कोणाला तुमची काळजी नव्हती.”

वेन्डेलने भिजलेलं परिपत्रक घडी घालून डगल्याच्या खिशात ठेवलं. विज्ञान शिकलेल्या माणसाशी वाद घालताना हीच अडचण येते, की तो खरं बोलत असतो.

चाचणी सुरू झाली. काळजी आपोआप वाढेल, यावर विसंबून न राहता संस्थेने सहा ‘चिंतासेवक’ नेमले. त्यांनी साध्या कपड्यांत जमावात मिसळायचं आणि पाचव्या मिनिटापासून दर चाळीस सेकंदांनी “अरे देवा, वर आला का तो?” असं म्हणायचं. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. एका बाईचा आवाज इतका हृदयद्रावक निघाला, की तिला लगेच बढती देऊन सकाळची पाळी माफ करण्यात आली.

सव्वीस दिवसांत १०४ प्रयोग झाले. बाराव्या मिनिटाला फुटपाथवर पन्नास माणसं असण्याचे प्रसंग: शून्य. कप्तानाच्या काळजीने लोक इतक्या संख्येने आत जात होते, की कप्तानाला वर यायला कोणी उरतच नव्हतं.

मागच्या खड्ड्याशी मारिसेल आपल्या डब्यातला पानसित, म्हणजे फिलिपिनी शेवया, खात बसायची. वेन्डेल ओला डगला काढायचा. डगल्याला पितळेची सतरा बटणं होती.

“आज किती होते गं?”

“मला कसं कळणार? मी खाली तुझ्याबरोबरच असते, कॅप्टन.”

“चार दिवस राहिले.”

“पन्नासच लागतात ना? माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचेच चाळीस आहेत. बोलावू?”

“तेही आत जातील.”

“ते पहिले जातील,” मारिसेल म्हणाली. “खा थोडं. ओठ निळे पडलेत तुझे.”

सत्ताविसाव्या दिवशी, साडेपाचच्या प्रयोगात, जहाज बुडाल्यानंतर सातव्या मिनिटाला हवेची नळी सुटली.

पेटीत पाणी भरलं. वेन्डेल भुयाराकडे वळला, तर डगल्याची खालची बटणं डेकच्या जाळीत अडकलेली. त्याने ओढलं. जाळी नौदलाची नसली तरी मजबूत होती. मग सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने तलवारीची मूठ लाकडावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

वर फुटपाथवर तेव्हा चौऱ्याऐंशी माणसं होती. ठोकण्याचा आवाज ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रायोनीने वहीत लिहिलं: ‘नवा आवाज. फार परिणामकारक. कोणाची कल्पना?’

आयोवाहून आलेला एक सुतार मात्र टाळ्या न वाजवता कठड्याशी गेला आणि बूट काढायला लागला.

“लाकडावर असं कोणी उगाच ठोकत नाही,” तो म्हणाला. “तो माणूस अडकलाय.”

“काका, बूट घाला,” पहारेकरी म्हणाला. “अनवाणी आत सोडत नाहीत.”

“मला आत जायचं नाहीये, पाण्यात जायचंय!”

“पाण्यात जायला मनाई आहे. चौकशी आत. सरळ जा, डावीकडे वळा, बुफेच्या पलीकडे.”

“वर आला का तो?” बढतीवाली बाई ठरल्या सेकंदाला कळवळून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, कारण प्रशिक्षण उत्तम झालं होतं. मग जमाव हलला. केचपचं असंच असतं. यायला लागला की सगळा एकदम येतो. सुतार सगळ्यांच्या पुढे धावत होता, बूट हातात धरून.

खाली मारिसेल विसाव्या सेकंदाला पोचली होती. तिने आपल्या तोंडातली नळी काढून वेन्डेलच्या तोंडात दिली. चार श्वास त्याचे, दोन तिचे, या हिशेबाने तिने सुरीने एकेक बटण कापलं. शेवटचं बटण तुटायला तीन मिनिटं लागली. वेन्डेलमध्ये भुयारातून पोहत जाण्याइतकं त्राण उरलेलं नव्हतं. तिने टाकी पाठीवरून काढून त्याच्या छातीशी बांधली आणि खालून जोर लावून त्याला सरळ वर ढकललं. ती स्वतः वर गेली नाही, कारण वर प्रेक्षक असणार आणि नियम क्रमांक अकरा होता.

वेन्डेल पाण्याबाहेर आला. डोलकाठीचं टोक हाताला लागलं, ते धरून तो उभा राहिला. डोळ्यांत पाणी गेलं होतं, फुटपाथ नीट दिसत नव्हता, पण पन्नास तरी असतील अशा अंदाजाने त्याने सॅल्यूट ठोकला आणि नऊ सेकंद तसाच राहिला.

फुटपाथवर दोन कबुतरं आणि ब्रायोनी होती. ब्रायोनी छत्री टाकून उभी राहिली होती. तिच्या अंगठ्याने मोजणीच्या यंत्राचं बटण एकदा दाबलं. मग तिने आत फोन लावला.

“कप्तान वर आलाय,” ती म्हणाली. आवाज जरा चिरकला. “खरंच अडकला होता तो.”

“कोणासमोर आला?” पलीकडून विचारणा झाली.

“माझ्यासमोर.”

“तू कर्मचारी आहेस. धरता येत नाही.”

त्या प्रयोगाचा वळणदर ९८.८ भरला. असा आकडा त्या रस्त्यावर पूर्वी कोणी ऐकला नव्हता. संस्थेने तातडीने बैठक घेतली आणि नळी दुरुस्त करण्याचं, पण ठोकण्याचा आवाज कायम ठेवण्याचं ठरवलं. सॅल्यूट वगळण्यात आला. त्याबदल्यात वेन्डेलला ‘महिन्याचा आदर्श कर्मचारी’ म्हणून गौरवण्यात आलं, आणि त्याचा सॅल्यूट ठोकतानाचा मोठा रंगीत फोटो आत, बुफेच्या पलीकडे, चौकशीच्या खिडकीवर लावण्यात आला. आता काळजीने तिथवर पोचलेल्या प्रत्येकाला कप्तान जिवंत असल्याचं दिसतं. (तिथवर पोचणाऱ्यांचं प्रमाण चार टक्के आहे. सुतार त्यात नव्हता. त्याला वाटेत एका यंत्रावर तीन कलिंगडं लागली, आणि बूट त्याने बसूनच घातले.)

वेन्डेल सुट्टीच्या दिवशीही तो फोटो बघायला येतो, असं म्हणतात. शेवटी माणूस दिसला, हे महत्त्वाचं. पाण्यावर की भिंतीवर, हा तपशील झाला.

तर कप्तान वर आला, सुखरूप आहे, आणि वाचकाच्या मनातला प्रश्न मिटला. तो मिटून बराच वेळ झाला. ब्रायोनीने मोजलेल्या अकरा सेकंदांपेक्षा पुष्कळच जास्त.

टाकीशिवाय, एका श्वासावर, बावीस मीटरचं भुयार पार करून मारिसेल ओकाम्पो एक मिनिट पाच सेकंदांनी मागच्या खड्ड्यात वर आली. बराच वेळ ती कठड्याला धरून खोकत राहिली. मग हात पुसून तिने पाणबुड्यांची वही उघडली आणि नेहमीप्रमाणे चारही रकाने भरले. पाण्याचं तापमान: सव्वीस. साहित्य: एक टाकी वर राहिली. प्रकृती: ठीक. वर येईपर्यंत वाट पाहणारे: शून्य.

(यात तुम्हालाही धरलेलं आहे.)