देवरेकाकांचा अर्धा सेकंद

आमच्या शेजारचे देवरेकाका कुठलीही गोष्ट घडायच्या आधीच तिचा फोटो काढतात. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला सुरी केकपासून चांगली वीतभर लांब होती, तेवढ्यात काका बटण दाबून मोकळे झाले. सगळे हसले. फोटोत मात्र सुरी बरोबर केकमध्ये शिरलेली होती.

त्याचं काय आहे, काकांकडे मुठीत मावेल एवढा जुना डिजिटल कॅमेरा आहे. बटण दाबलं की तो आधी घरघरतो, समोरच्या माणसाकडे नीट बघून घेतो आणि मग अर्ध्या सेकंदाने फोटो काढतो. तेवढ्यात उडी मारणारा खाली आलेला असतो आणि उघडे डोळे मिटलेले असतात. दुसऱ्या कुणी तो कॅमेरा कधीच माळ्यावर टाकला असता. पण काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. "धरणातून पाणी सोडलं तरी शेवटच्या शेताला वेळानंच पोचतं," ते म्हणतात. "राग कशाला करायचा? आपण लवकर सोडायचं."

त्यांचा मंत्र एकच, "अर्धं दाबून ठेव!" बटण अर्धं दाबलं की कॅमेरा आपलं बघणंबिघणं आधीच उरकून घेतो, मग ऐन वेळी उशीर कमी होतो. एवढ्यावर थांबतील ते काका कसले! नाशिक रोड स्टेशनवर पाहुणे यायचे असले की हे तासभर आधीच बूट घालून जिन्यात उभे. कुकरची दुसरी शिट्टी झाली की तिसरीसाठी गॅसच्या बटणावर यांचा हात. मी नोकरीच्या मुलाखतीला निघाले तेव्हाही दारातून ओरडले, "पोरी, अर्धं दाबून ठेव!" काय दाबायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण नोकरी लागली आणि तिचं श्रेय त्यांनी घेतलं ते घेतलंच.

यंदा रंगपंचमीला ते मला जुन्या नाशकातल्या रहाडीवर घेऊन गेले. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला खोल हौद. वर्षभर बुजवलेला असतो, त्या दिवशी उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात उडी घेऊन धप्पा मारतात. मी मोबाइल घेऊन उभी, काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा घेऊन. मला मिळालं नुसतं पाणी. काकांनी तीन जण हवेत पकडले.

"अगं, उडीकडे काय बघतेस? गुडघा बघ," ते म्हणाले. "माणूस आधी गुडघ्यात उडी मारतो. तो वाकला की दाबायचं."

परत येताना, दोघंही नखशिखांत पिवळे झालेले असताना, मी विचारलं, "काका, एवढी तालीम कशासाठी?"

काकांनी कॅमेऱ्यावरची पिशवी सोडवली. मग म्हणाले, "तुझ्या काकूसाठी."

देवरेकाकू हसतात फार, पण हसू आलं रे आलं की त्यांचा पदर तोंडावर जातो. पुढच्या दोन दातांत फट आणि शेजारचा दात वर चढलेला. लहानपणी कुणीतरी चिडवलं, तेव्हापासूनची ही सवय. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण एकाही फोटोत हसणाऱ्या काकू नाहीत. आता ते दात हलायला लागले होते. येत्या गुरुवारी डॉक्टर ते काढणार आणि पुढे कवळी बसणार.

"या दातांचं हसू एकदा पकडायचंय मला," काका म्हणाले. "गुरुवारनंतर ते कुठं मिळणार नाय."

मी म्हटलं, "मोबाइलवर व्हिडिओ काढा."

"मोबाइल दिसला की ती ओठ शिवून बसते. या डब्याला मात्र घाबरत नाय. तिला खात्री आहे, हा उशिराच येणार."

पुढचे तीन दिवस काकांनी सगळे विनोद खर्ची घातले. सगळ्यात हमखास विनोद म्हणजे कळवणला काकूंना बघायला गेले असताना ते पोह्यांच्या बशीवर बसले होते, त्याची गोष्ट. "बसलो" म्हणायचं आणि बटण दाबायचं. हाती लागायचा तो पदर. काठाचा पदर, बुट्ट्यांचा पदर, नेसत्या प्रत्येक साडीचा पदर.

बुधवारी दुपारी मी चहाला गेले. काकांनी पुन्हा तीच गोष्ट सुरू केली आणि माझ्या एकदम लक्षात आलं. मी त्यांना स्वयंपाकघरात ओढत नेलं. "काका, बशीपर्यंत जाऊच नका. काकूंना पुढचं सगळं पाठ आहे. तुम्ही 'कळवण' म्हणता ना, तिथेच त्यांना हसू फुटतं."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे गुडघा तिथं वाकतो होय!"

बाहेर येऊन त्यांनी काकूंच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखला, बटण अर्धं दाबलं. काकू बशीत चहा ओतत होत्या. काकांनी पूर्ण दाबलं आणि मगच म्हणाले, "कळवणला..."

फोटोत काकू अशा हसत होत्या की बघणाऱ्यालाही हसू यावं. फट, चढलेला दात, सगळं जागच्या जागी. पदर अजून खांद्यावरच होता.

गुरुवारी मी दोघांना गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "काकू, नवे दात एका ओळीत येतील. फट अजिबात दिसणार नाही."

काकांनी फोटोची प्रत टेबलावर ठेवली. "अशी करा. फट ठेवून. हा दातसुद्धा असाच वर चढवा."

"अहो!" काकू म्हणाल्या. "जन्मभर लपवली ती फट, आता परत करून घेऊ?"

काका त्यांच्याकडे न बघता डॉक्टरांनाच म्हणाले, "चाळीस वर्षं हेच हसू बघत आलोय, डॉक्टर. या वयात नवीन कुठं ओळखत बसू?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काकू आधी डोळे पुसत होत्या, आणि मग हसायलाच लागल्या, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. डोळे पुसून हात मांडीवरच्या पर्सवर आले ते तिथेच राहिले.

काकांच्या शर्टाच्या खिशात कॅमेरा होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही. ते नुसते बघत राहिले.