नवं शे, पन जमस का?

धुळ्याच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात चहाचीही आवृत्ती विचारली जायची. विचारणारे एकटे नाना. "कोनती आवृत्ती?" म्हणायचे, आणि चहावालाही बापडा "दुसऱ्यांदा उकळलेला, नाना" असं कबूल करून कप ठेवायचा.

नाना शिंदखेड्याला गणिताचे मास्तर होते. पेन्शनीत निघाल्यावर प्रोग्रामिंग शिकले आणि आमच्याकडे शिकवू लागले. भाषेची नवी आवृत्ती आली की मी हुरळलेली मेंढी. नाना चष्मा कपाळावर चढवून अहिराणीत म्हणायचे, "नवं शे, पन जमस का?" नवं आहे, पण जमतं का? कोणत्या मशीनचं कोणत्या आवृत्तीशी सूत जुळतं, याची त्यांनी वहीच केली होती.

एकदा त्यांचं न ऐकता मी पाचही मशीनवर नवी आवृत्ती चढवली. पोरांचे सहा महिन्यांचे प्रोग्राम ठप्प, आणि परीक्षा आठवड्यावर. नानांनी वही उघडून एकेक मशीन परत जुन्या आवृत्तीवर आणलं. मशीनला पुढे येता येत नसेल तर भाषेनं मागे यावं, असं त्यांचं साधं म्हणणं. मला रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

भरितातही तेच. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटलेलं असेल तर बोटं चाटून खायचे. मिक्सरमधलं दिसलं की वांग्याची आणि मिक्सरची आवृत्ती जुळत नाही म्हणून ताट सरकवायचे.

एवढा चोखंदळ माणूस, पण अंगात बेलबॉटम आणि मिशा कलप लावून डांबरासारख्या काळ्या. आम्ही मागून खूप हसायचो. क्लासच्या वाढदिवशी मीच पुढाकार घेतला. नाना नको नको म्हणत होते, आम्हाला तो लाजाळूपणा वाटला. नवा सफारी चढवला, न्हाव्याकडून केस-मिशा बारीक करवल्या. खालून पांढरेशुभ्र नाना निघाले, अगदी रुबाबदार. बेलबॉटम पिशवीत घालून मी त्यांना स्कूटरवर घरी सोडलं.

अक्कांनी दार उघडलं. नवऱ्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"मास्तर घर नहीत. सांजले या," म्हणाल्या आणि कडी लावली.

नाना ओट्यावर बसले. अक्कांची आठवण गेली चार वर्षं शिंदखेड्यातच थांबली होती, हे मला तिथे कळलं. तिथले मास्तर चाळिशीचे, काळ्या मिशांचे, बेलबॉटममधले. दुसऱ्या कुणाला त्या ओळखत नव्हत्या.

"तिले पुढे येता येत नही, भाऊ," नाना म्हणाले. "मंग मी मांगे जास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन कलप आणला. ओट्यावरच मी वाटी धरली, नानांनी आरसा धरला आणि राहिलेल्या खुंटांना काळं केलं. शेजारी जाऊन बेलबॉटम चढवून आले. मग कडी वाजवली.

अक्कांनी बराच वेळ पाहिलं.

"आज उशीर व्हयना, मास्तर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "हाऊ कोन?"

नानांनी काळ्या बोटांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"शाळामा नवा मास्तर शे," ते म्हणाले. "नवा शे, पन जमस."