पाईकरावांच्या मिलिंदचे इंटरव्ह्यू

माझ्या ढाब्यावर एकदा डाळ करपली. मी आचाऱ्याला तोंडाला येईल ते बोलून राहिलो होतो, तर पाईकरावांचा मिलिंद खुर्चीतून उठला, चुलीपाशी गेला अन् शांतपणे म्हणाला, "काका, थांबा. शेवटचं काय बदललं?"

पातेलं बदललं होतं. नवं, पातळ बुडाचं, मीच आणलेलं. आचारी माझ्याकडं बघून राहिला, अन् मी गिऱ्हाईक आल्याचं सोंग करून बाहेर सटकलो.

या पोराचं सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध. कुणाची गाडी सुरू होईना, कुणाचं पोट बिघडलं, कुणाचं बायकोशी बिनसलं, हा विचारणार, "शेवटचं काय बदललं?" बायकोशी बिनसलेल्यानं तर याच्यावर चप्पल उगारली होती.

मिलिंद पूर्वी पुण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. आता इथं कनेरगाव नाक्यावर आईजवळ राहतो अन् हिंगोलीच्या ऑफिसांतले प्रिंटर दुरुस्त करतो. बाकी वेळ इंटरव्ह्यूची तयारी. तीबी माझ्या ढाब्यावर, दुपारची गर्दी ओसरली की. त्याच्या मोबाइलमधले प्रश्न मी वाचायचे अन् यानं उत्तरं द्यायची. माझी जिंदगी गेली भाकरी-भाजीत, अन् मी गल्ल्यावर बसून ओरडून राहिलो, "सर्व्हरची डिस्क भरली तर काय करशील?" बाजेवर लवंडलेला ट्रकवाला दचकून उठून बसायचा.

उत्तर संपलं की मी म्हणायचो, "बराबर." मला काय डोंबल कळत होतं! पण तो खुलायचा. कधी समजावून सांगायचा, "काका, ढीगभर मशीन असल्या तर एकेकीवर हातानं करत बसायचं न्हाई. एकदा सगळ्या कामाचा नीट प्रोग्राम लिहून ठेवायचा. मग कितीदाबी चालवा, परिणाम एकच."

"तुझ्या काकूचं बोलणंबी तसंच हाय," मी म्हटलं. "माझ्यावर कितीदाबी चालवते, परिणाम एकच."

थट्टा जाऊ द्या, पण याला चांगली नोकरी लागावी असं मला लय वाटायचं. एवढं हुशार लेकरू अन् अडकलेले कागद ओढत फिरून राहिलं. आधी दोन-तीन कंपन्यांचे इंटरव्ह्यू होऊनबी काही जमलं नव्हतं.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीच्या शेवटच्या फेरीचा इंटरव्ह्यू आला. घरी नेटवर्क तुटतं म्हणून मिलिंद माझ्या मागच्या खोलीत बसला. मी मिक्सर बंद केला, टीव्ही बंद केला, अन् हॉर्न वाजवणाऱ्या एकाच्या अंगावर धावून गेलो. मग दाराला कान लावला. आत हिंदी-इंग्रजीची खिचडी चालली होती. कॉम्प्युटरमधले दोन साहेब विचारत होते, हा सांगत होता. मधेच तिघंबी खो खो हसले. मिलिंद असा हसतो हे मला ठाऊकच नव्हतं. मनात म्हटलं, झालं काम, पेढे आणायला पाहिजेत.

तेवढ्यात एका साहेबानं विचारलं, "पुणे कब आ सकते हो?"

मी कान दाराला आणखी दाबला. मग मिलिंदचा आवाज आला, "सर, माफ कीजिए. पुणे आना नहीं होगा."

मी दार ढकलून आत घुसलो. तोवर त्यानं कॉम्प्युटर मिटला होता.

"अरे बावळटा, हातची नोकरी घालवली! काहून?"

"आईला दिसत न्हाई, काका. इथं घरात भिंतीला हात लावून सगळीकडं फिरते, चहाबी करते. पुण्याला नेली होती, तर दिवसभर पलंगावरून हलायची न्हाई. मी ऑफिसात, अन् ती तिथं एकटी बसलेली."

"मग घरून काम माग की."

"मागतो ना. ऑफिसात यावंच लागतं म्हणतात."

"आधीच्या कंपन्यांनाबी न्हाईच म्हणालास?"

"व्हय."

"मग हे इंटरव्ह्यू देतो काहून रे?"

तो चार्जरची वायर गुंडाळत बसला. "इथं मला लोक बोलवतात ते कागद अडकला म्हणून. तुमी विचारता, पण तुमी वाचून विचारता, काका. ते दोघं... मी एक सांगितलं, तर त्यावरून त्यांनी पुढचं विचारलं. तासभर."

माझा राग कुठल्या कुठं गेला. लय वाईट वाटलं.

"काका," उठता उठता तो म्हणाला, "साहेब लोक हसले, ते बाहेर ऐकू आलं का तुमाला?"

"आलं ना," मी म्हटलं. "पार रस्त्यापर्यंत आलं."