वाणसाहेबांची नोकरी

कापडणीस अण्णा फुटबॉलची मॅच बघतात, पण चेंडूकडे बघत नाहीत. गोल झाला हे त्यांना आवाजावरून कळतं. त्यांचं सगळं लक्ष मैदानाच्या कडेला काळा कोट घालून उभ्या असलेल्या एका माणसावर असतं. कॅमेरा त्या माणसावरून हलला की अण्णा सोफ्यावर पुढे सरकतात, टीव्हीच्या चौकटीत डोकावल्यासारखी मान वाकडी करतात आणि विचारतात, "कुठं गेला तो?" तिकडे बेल्जियममध्ये कुणीतरी त्याला उचलून नेलं असावं, अशा आवाजात.

हा माणूस म्हणजे वाणसाहेब. खरं आडनाव लांबलचक आहे. ते 'व्हॅन'नं सुरू होतं आणि पुढे बोलणाऱ्याची फजिती करतं. अण्णांनी त्यातला पहिला तुकडा ठेवला, त्याला साहेब जोडलं आणि मोकळे झाले. काकूंना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, सुरुवातीला हे अण्णांच्या कंपनीतलेच कुणी अधिकारी वाटायचे. एवढी काळजी वाटते तर एकदा जेवायला बोलवा, असंही त्या म्हणाल्या होत्या.

अण्णा आमच्या पाथर्डी फाट्याच्या इमारतीत माझ्या डोक्यावर राहतात. मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात लेथवर लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि एवढ्या एका अपराधापायी वाणसाहेबांच्या सेवेत माझी नेमणूक झाली आहे. बातम्या असतात तिकडच्या भाषेत. मोबाइल त्यांचं इंग्रजी करतो आणि मी मराठी. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्याची गरज नाही, असं अण्णांनी मला समजावलं. साहेब काय बोलले आणि साहेबांना कोण काय बोललं, तेवढं कळलं की पुरे.

वाणसाहेबांची कारकीर्द अण्णांच्या तोंडून ऐकावी. बाप ट्राम चालवायचा. पोरगा गावातल्या क्लबात लागला, तिथंच अप्रेंटिस, तिथंच परमनंट. बचावाच्या फळीत खेळायचा. दुसऱ्या कंपन्यांनी बोलावलं, गेला नाही. देशाकडूनही थोडा खेळला, मग गुडघा गेला. गुडघ्याचा विषय निघाला की अण्णा स्वतःचा गुडघा चोळतात. त्यानंतर साहेब मॅनेजर झाले आणि हाल सुरू झाले. एका लहान क्लबाला त्यांनी वर काढलं. दुसऱ्यानं घरी बसवलं. मग तुर्कस्तान, मग आखात. तिथल्या उन्हात कोट घालून उभं राहावं लागायचं, याचं अण्णांना अजून वाईट वाटतं. आणि शेवटी फिरून आपल्याच जुन्या क्लबात.

हे वेड लागलं ते कारखान्यात. बेल्जियमहून एक मोठं मशीन आलं होतं आणि ते बसवायला तिकडचा एक इंजिनिअर. अण्णांनी त्याला घरी नेऊन शेवभाजी खाऊ घातली. तो घामाघूम झाला, पण वाटी पुसून खाल्ली, आणि उपकाराची फेड म्हणून मोबाइलवर आपल्या आवडत्या खेळाडूचा खेळ दाखवला. तेच वाणसाहेब. खेळण्याचे त्यांचे शेवटचे दिवस होते. पुढे ते मॅनेजर झाले आणि त्याच सुमारास अण्णा सुपरवायझर. "आम्हाला बढती एकदमच मिळाली," असं अण्णा सांगतात. दोघांच्या ऑर्डरवर एकाच मालकाची सही असल्यासारखं.

गेला मोसम मात्र वाईट गेला. क्लब हरत सुटला. लीगच्या खालच्या वर्गात जायची पाळी आली आणि साहेबांची नोकरी राहते की जाते, हा प्रश्न आमच्या इमारतीत येऊन बसला. दर रविवारी संध्याकाळी वर मॅच सुरू झाली की माझ्या घरात मला कळायचं, कारण अण्णा येरझाऱ्या घालायचे. मध्यंतरात ते खाली पार्किंगमध्ये येऊन तिथं चालायचे. वॉचमनला विचारायचे, "काही खरं नही, काय वाटतं तुला?" वॉचमन बिचारा पाण्याच्या टँकरबद्दल विचारताहेत असं समजून आज येईल म्हणायचा, आणि अण्णांना तेवढ्यानंही धीर यायचा.

घाबरले की अण्णा सटाण्याच्या बोलीवर येतात. "तो झोपेल नही शे, ताई," ते मला पडद्याजवळ बोट नेऊन दाखवायचे. "डोळा दखा तेना." मी बघायची. झोप न झाल्यासारखे डोळे सुजलेले होते खरे. साहेबांनी मफलर का घातला नाही, सहायक त्यांच्याशी बोलत का नाही, पाण्याची बाटली रिकामी आहे हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही, अशा शंभर काळज्या. त्यांचं ब्लड प्रेशर वाढलं, तेव्हा डॉक्टरांनी घरात काही टेन्शन आहे का, असं विचारलं. काकूंनी बेल्जियम असं उत्तर दिलं. डॉक्टरांनी मुलगा तिकडे असतो का म्हणून विचारलं, आणि काकूंनी हो म्हणून विषय संपवला. दोघांना मूलबाळ नाही.

एकदा मी चांगली बातमी घेऊन वर गेले. क्लबाच्या मालकानं जाहीर केलं होतं की मॅनेजरवर आमचा पूर्ण विश्वास आहे. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, आता संपलं. अंबडला त्यांनी हे पाहिलं होतं. मालक स्वतः लाइनवर आला, खांद्यावर हात ठेवून तुम्ही आमचे घरचेच आहात म्हणाला, की आता कुणाची नोकरी जाणार म्हणून लोक डबा उघडायच्याआधी एकमेकांकडे बघायचे. मी त्यांची समजूत घालत होते आणि मनातून वैतागलेही होते. चांगलं सांगितलं तरी ह्या माणसाला धडकीच भरते.

पण ज्या बातमीनं अण्णा खरे हादरले, ती हरण्याची नव्हती. वाणसाहेबांनी गोलकीपर बदलला. हा जुना गोलकीपर त्यांच्याबरोबर खेळलेला. साहेब बचावाला आणि हा मागे गोलमध्ये, अशी कितीतरी वर्षं काढलेली. वय झालं तरी टिकून होता. त्याला बसवलं आणि नवा आणला. मला यात विशेष काही वाटलं नाही. अण्णा मात्र जेवणाच्या ताटावरून उठले. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्याला हे कुणी सांगितलं? साहेबांनी स्वतः सांगितलं का?

मी शोधलं. बातमीत होतं की साहेबांनी सांगितलं नव्हतं. गोलकीपर कपडे बदलायला गेला, तर त्याचा शर्ट खुंटीला नव्हता. कपड्यांची व्यवस्था बघणाऱ्या माणसानं त्याला सांगितलं. मी हे वाचून दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी साहेबांच्या नोकरीबद्दल विचारणंच सोडलं. रोज सकाळी दारात उभे. "तो गोलकीपर काही बोलला का, ताई?" तो कुणाशीच बोलत नव्हता. मी रोज नाही म्हणायची आणि अण्णा जिना चढून जायचे. त्यांचा हात कठड्यावर घट्ट असायचा. मला आता खरंच भीती वाटायला लागली होती, कारण हे वेड मी समजत होते तसलं नव्हतं.

मग क्लब खाली गेला आणि साहेबांना काढलं. ही बातमी कशी सांगावी, याची मी जिन्यात उभी राहून तयारी केली. अण्णांनी ती शांतपणे ऐकली. होणारच होतं, म्हणाले. आणि लगेच गोलकीपरबद्दलचा तोच प्रश्न.

त्यानंतर काही दिवसांनी गोलकीपरची मुलाखत आली. मी फोन घेऊन वर गेले. दुपारची वेळ होती, काकू भाजी निवडत होत्या. अण्णांनी टीव्ही बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले, निकालाला बसतात तसे. मी एकेक वाक्य वाचत गेले. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं होतं की तुमच्या जुन्या मित्राचा राग आला का. गोलकीपरनं सांगितलं, बसवलं त्याचा नाही आला. मीही त्या जागी असतो तर तेच केलं असतं. मग त्यांच्याशी बोलणं झालं का? तो म्हणाला होता, त्याचा फोन आला नाही. आला असता तर मी उचलला असता.

अण्णांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"फोन केलाच नाही त्यानं?"

"नाही, अण्णा."

"मीपण नाही केला," अण्णा म्हणाले.

काकूंचे हात थांबले. अण्णा त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलत राहिले. कारखान्यात काम कमी झालं होतं, तेव्हा प्रत्येक सुपरवायझरला आपल्या लाइनमधलं एक नाव द्यायला सांगितलं गेलं. अण्णांनी सुकदेवचं दिलं. सुकदेव त्यांच्या गावाकडचा, त्यांच्या शेजारच्या लेथवर उभा राहून म्हातारा झालेला. बाकीच्यांना कुठल्या तोंडानं सांगणार, ते परके. हा आपला माणूस, हा समजून घेईल, एवढाच त्यांनी विचार केला. आपल्याकडे आपल्या माणसाच्या वाट्याला नेहमी हेच येतं. आणि ज्या दिवशी सांगायचं, त्या दिवशी अण्णांना घराबाहेर पाऊल टाकवलं नाही. त्यांनी रजा टाकली. सुकदेव नेहमीसारखा डबा घेऊन गेला आणि त्याला गेटवरच्या वॉचमननं सांगितलं. तो गावी निघून गेला. आता शेती करतो.

"काढलं ते काढलं," अण्णा म्हणाले. "पण मी घरात लपलो, ताई. पांघरूण घेऊन पडलो होतो."

इतके महिने मी या माणसाची चेष्टा करत होते, माझ्या नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवत होते, आणि ते दर रविवारी टीव्हीसमोर बसून हे बघत होते. मला फार वाईट वाटलं. काकू उठल्या, अण्णांचा मोबाइल आणला आणि त्यांच्या हातात दिला. नंबर त्यांच्याकडे होता. दर दिवाळीला त्या सुकदेवच्या बायकोशी बोलत होत्या, हे अण्णांना त्या दिवशी कळलं.

अण्णांनी नंबर लावला. मी जायला उठले, तर त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं. घंटा बराच वेळ वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. वाणसाहेबांनी गोलकीपरला काय काय म्हणायला हवं होतं, हे मला त्यांनी रोज ऐकवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"सुकदेव, मी बोलस," अण्णा म्हणाले. "कांदा काढी व्हयना का?"

कांदा काढून झाला का, असं विचारत होते. मग पलीकडचा दमलेला आवाज काहीतरी थोडं बोलला. अण्णांनी मान हलवली. निम्मा जमिनीत आहे, मजूर मिळत नाहीत, असं त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं. त्या वेळी, उद्या येतो अशा अर्थी, ते फोनमध्ये फक्त एवढंच म्हणाले, "मी येस सकाळले."

पलीकडून एक शब्द आला आणि फोन बंद झाला.

अण्णा मोबाइलकडे बघत राहिले. काकू कपाटातून पिशवी काढायला गेल्या, औषधं कुठल्या कप्प्यात ठेवायची ते तिथूनच विचारू लागल्या. अण्णांचं लक्ष नव्हतं.

"बरं म्हणाला," ते मला म्हणाले. "नुसतं बरं. ताई, तो मला घरात घेईल ना?"

घेईल, मी म्हणाले. सुकदेवला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा आवाजही मला नीट ऐकू आला नव्हता. तरी मी दोनदा म्हणाले, घेईल.